सातपूर-अंबडची पहिली नोकरी: गेटपासून पहिल्या पगारापर्यंत

नाशिकमध्ये पहिली नोकरी म्हटलं की पावलं आपोआप सातपूर नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळतात. आयटीआय झालेला, बारावीनंतर शिक्षण थांबलेला, डिप्लोमाच्या निकालाला महिना उलटलेला, गावी कांद्याने रडवलं म्हणून शहरात आलेला, असे सगळेच फर्स्ट शिफ्टच्या आधी याच गेटांवर दिसतात. काम कुठे ना कुठे मिळतंच. गोंधळ होतो तो पुढच्या तीन महिन्यांत: कागद अडकतात, पाय सुजतात, पीस रिजेक्ट होतात आणि हातात पडलेला पगार सांगितलेल्या आकड्याशी जुळत नाही. यातलं बरंचसं टाळता येतं.

आधी दहा रुपयांची, शर्टाच्या खिशात मावणारी वही घ्या. मोबाइल बऱ्याच शॉपवर, म्हणजे कारखान्यांत, गेटवरच जमा करावा लागतो, म्हणून कागदाचीच वही. पुढे ती चार-पाच ठिकाणी लागणार आहे.

कागद: अडतं ते नावावर

आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि आठ पासपोर्ट फोटो, एवढं सगळीकडे मागतात. काही कंपन्या पोलीस पडताळणी आणि मेडिकल फिटनेसही मागतात. झेरॉक्सचे तीन संच करून ठेवा. मूळ प्रमाणपत्र दाखवायचं आणि परत घ्यायचं. 'ठेवून जा, नंतर देतो' म्हणणाऱ्याकडे ठेवायचं नाही.

खरी मेख नावात असते. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडील, आडनाव. पॅनवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, आणि बँकेत कोणी 'राव' लावलेला तर कोणी गाळलेला. माणसाला हे सगळे एकच वाटतात, पीएफच्या संगणकाला वाटत नाहीत. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं नाही की केवायसी अडकतं. पैसे खात्यात जमा होत राहतात, पण काढायला किंवा बदली करायला गेलात की अर्ज परत येतो. म्हणून कामाला लागण्याआधीच आधार प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधारमध्येच चूक असेल तर ती पहिली दुरुस्त करा. चालू मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो आणि पुढचं काहीच होत नाही.

कोणाकडे लागताय, हे आधी ठरवा

एकाच शॉपमध्ये, एकाच रंगाच्या गणवेशात शेजारी उभे असलेले चार जण चार वेगवेगळ्या हजेरीवर असू शकतात. एक कायम, एक कंपनीचा ट्रेनी, एक ॲप्रेंटिस, एक ठेकेदाराचा. काम सारखंच दिसतं, हक्क सारखे नसतात.

ॲप्रेंटिसला पगार नसतो, विद्यावेतन असतं. त्याचा पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपली की कंपनीने घ्यायलाच हवं असं बंधन नाही. मोबदल्यात नावाजलेल्या कारखान्यात वर्षभर शिकायला मिळतं आणि परीक्षा पास झालात तर प्रमाणपत्र. आयटीआय झालेल्याने हा रस्ता आधी पाहावा असं आमचं मत आहे, भले सुरुवातीला हातात कमी येवो. बाहेर ठेकेदाराकडे तेवढ्याच महिन्यांत दोन-तीन हजार जास्त मिळतील, पण तिथे वर्षभर एकच पीस चकमध्ये (मशीनच्या पीस पकडणाऱ्या जबड्यात) लावायला आणि काढायला मिळण्याची शक्यता मोठी.

ठेकेदाराकडे लागणं कमीपणाचं नाही. मात्र ठेकेदाराचं पूर्ण नाव, त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि तुमच्या हजेरी कार्डावरचा नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहा. सहा महिन्यांनी पीएफचं विचारायची वेळ येते तेव्हा 'तो उंच दादा' एवढीच माहिती असलेले बरेच भेटतात. आणि कामाला लावायचे पैसे, गणवेशाचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन फी असं काही मागितलं तर तिथून चालू लागा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

'हो' म्हणण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून किती, रोज किती तास, ओव्हरटाइमचा दर काय, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, पगार कोणत्या तारखेला. रविवारीच सुट्टी असेल असं धरून लग्नाची तारीख कबूल करू नका. 'पगार किती' हा एकटा प्रश्न फसवा आहे, कारण कोणी सगळ्या कपातीआधीचा आकडा सांगतो, तर कोणी चार तास ओव्हरटाइम धरून.

अंतराचाही हिशोब करा. सातपूर त्र्यंबक रोडला, अंबड पाथर्डी फाट्याच्या बाजूला. सिडको, अशोकनगर, श्रमिकनगरमधून सायकलनेही जमतं. गोंदे आणि सिन्नर मात्र शहरापासून तीसेक किलोमीटर. तिकडची कंपनी बस देत असेल तर थांबा कुठे आणि किती वाजता, हे आधी विचारा. सकाळी सातच्या शिफ्टला सिटीलिंकची पहिली बस पोचते का, ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. पहाटे सहाला गाडीवर हातमोजे आणि कानटोपी नसली तर पहिला अर्धा तास बोटंच वळत नाहीत.

पहिला आठवडा पायांचा

आठ तास उभं राहायची सवय कॉलेजात लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरतात, टाचा ठणकतात. सेफ्टी शूज कंपनी देत असेल तर जाड सुती मोजे घालूनच माप द्या आणि शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना द्या. पुढे अंगठ्याला लोखंडी टोपी लागत असेल तर तो जोडा सैल पडणार नाही, कितीही दिवस घातला तरी. लगेच बदलून मागा. मोजे रोज धुतलेले, जोड्या तीन.

घरून खाऊन निघा. उपाशी पोटी फर्स्टला आलेल्या नव्या पोराला नऊ-साडेनऊच्या सुमारास घेरी येते आणि बाजूचे काका पळत येतात. सुपरवायझरांनी हा प्रसंग इतक्यांदा पाहिलेला असतो की ते 'डबा खाल्ला का?' एवढंच विचारतात. नाइट शिफ्टला जड जेवण अकराच्या आधी, मधे चहापेक्षा पाणी जास्त, आणि सकाळी घरी आल्यावर मोबाइल न उघडता आधी झोप. नाइटचा दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट जातो, नंतर अंग जुळवून घेतं. आठवड्याने शिफ्ट बदलते आणि पुन्हा पहिल्यापासून.

हाताला ऑइल-कूलंट (कापताना मशीन थंड ठेवणारं पाणी) लागतं. थिनर किंवा रॉकेलने हात धुणारे जुने लोक दिसतील, त्यांचं बघून करू नका. कातडी फाटते आणि मग कूलंट आत जाऊन खाज सुटते. साबण आणि कोमट पाणी पुरतं, घरी गेल्यावर थोडं खोबरेल.

मशीनपाशी

फिरणाऱ्या मशीनवर, म्हणजे लेथ, ड्रिल, मिलिंगवर, हातमोजे घालायचे नाहीत. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. धारदार पत्रा उचलताना मोजा वाचवतो, फिरत्या ड्रिलजवळ तोच मोजा बोटासकट ओढला जातो. अंगठी, हातातला गंडादोरा, गळ्यातली चेन, लोंबती बाही, मानेचा रुमाल हे सगळं लॉकरमध्ये. बर (कापताना निघणारा किंवा कडेला राहणारा धातूचा कीस) हाताने ओढायचा नाही, हुक किंवा ब्रशने काढायचा, तोही मशीन थांबल्यावर. एअर गन अंगावर मारून कपडे झटकू नका. दाबाची हवा कातडीतून आत जाऊ शकते आणि उडालेला कण डोळ्यात. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून. एका बटणात काडी खोचून एका हाताने काम करणारा 'हुशार' ऑपरेटर दिसला तर त्याच्याकडून बाकी सगळं शिका, हे सोडून.

मोजायला पहिल्याच आठवड्यात शिका. हेल्परचा ऑपरेटर होतो तो इथेच. साध्या व्हर्नियरचा (सरकत्या मोजपट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, बहुधा ०.०२ मिमी असतो. आधी जबडे पुसा, पूर्ण बंद करा आणि शून्य शून्याला जुळतं का पाहा. जुळत नसेल तर ते व्हर्नियर वापरू नका, क्वालिटीवाल्याला द्या. पीसची कडा बोटाने चाचपून बर नाही ना बघा. बारीक बरमुळे माप सहज वाढतं. मग मुख्य पट्टीवर, सरकत्या पट्टीच्या शून्याच्या डावीकडचा आकडा वाचा, समजा २४. आता सरकत्या पट्टीची कोणती रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी एका ओळीत आहे ते शोधा, समजा सतरावी. सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप २४.३४.

ड्रॉइंगवर २४.३० ± ०.०५ लिहिलंय. म्हणजे २४.२५ ते २४.३५ चालेल, आणि आपला पीस पास आहे. नवीन माणूस इथे थांबतो. पण वहीत मागचे आकडे असतील तर गोष्ट पुढची दिसते: आठ वाजता २४.२८, नऊला २४.३०, दहाला २४.३४. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला की व्यास वाढत जातो. अजून थोडेच पीस, आणि माप बाहेर जाणार. 'दादा, माप वर चाललंय' एवढं ऑपरेटरला वेळेत सांगितलंत तर तो ऑफसेट देईल (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती टाकेल) किंवा इन्सर्ट बदलेल. दर विसाव्या पीसचं माप वेळेसकट लिहायची सवय ठेवा. महिनाभर हे करणाऱ्या हेल्परला लवकरच कोणीतरी मशीन शिकवायला घेतं, असं आम्ही बऱ्याच शॉपमध्ये पाहिलंय.

टार्गेट कुठून येतं

बोर्डावर ४३० लिहिलेलं असतं आणि तुमचे ३४० होतात. चिडण्याआधी गणित मांडा. शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, सुरुवातीची तयारी आणि शेवटची सफाई २०. उरली ४१० मिनिटं, म्हणजे २४,६०० सेकंद. मशीनचा सायकल टाइम, म्हणजे एक पीस कापायचा वेळ, ३८ सेकंद, पीस काढून नवा लावायला १२. एकूण ५०. म्हणजे कागदावर ४९२ पीस. इन्सर्ट बदलणं, मोजमाप, किरकोळ थांबे सोडून ४३० धरतात. आकडा हवेतून आलेला नसतो.

नवीन माणसाला पीस बदलायला १२ ऐवजी २५ सेकंद लागतात. तेवढ्याने ४९२ चे ३९० होतात. तेरा सेकंदांत १०२ पीस गेले! हात झपाझप चालवून ते भरून निघत नाहीत, उलट पीस पडतात. सेकंद कुठे जातात ते पाहा: कच्चा माल मागे ठेवलाय म्हणून दरवेळी वळावं लागतं, ट्रे जमिनीवर आहे म्हणून वाकावं लागतं, चावी जागेवर नसते. कच्चा माल एका हाताशी, तयार माल दुसऱ्या हाताशी, दोन्ही कमरेच्या उंचीवर ठेवा. आठवड्यात १५ सेकंदांवर याल. एक जागा अशी आहे जिथे सेकंद वाचवायचे नाहीत: चकची बैठक पुसणं. तिथे एक बारीक चिप राहिली की पीस तिरपा बसतो, फेस (पुढची सपाट बाजू) वाकडा येतो आणि कारण शोधण्यात अर्धा तास जातो.

चूक होणारच. पीस हातातून पडला, कडेला ठोका बसला, की तो लाल ट्रेमध्ये टाका आणि सांगा. नवीन पोरं ओरडा बसेल म्हणून तो चांगल्या मालात खालच्या थरात सरकवतात. एका पीसची किंमत शंभर-दीडशे. पण तोच ग्राहकाच्या लाइनवर सापडला तर आख्खा लॉट अडतो, इथून दोन माणसं तिथे जाऊन हजारो पीस एकेक करून निवडत बसतात, आणि लॉटच्या कार्डावर शिफ्ट आणि मशीन नंबर असतो. ओरडा दोन मिनिटांचा असतो. मशीनचा आवाज बदलला, वास आला, कंप जाणवला, तरीही तेच: थांबवा आणि हाक मारा. विनाकारण थांबवलं म्हणून चिडणारा साहेब भेटेल, भेटू द्या.

पगारपत्रक वाचणं

पहिल्या पगाराची स्लिप नीट वाचा. मागितल्याशिवाय मिळत नसेल तर मागा. एक उदाहरण घेऊ: बेसिक अधिक महागाई भत्ता १४,३००, घरभाडे भत्ता ५ टक्के म्हणजे ७१५, एकूण १५,०१५. यातून पीएफ १४,३०० च्या १२ टक्के, १,७१६. ईएसआयसी (कामगार विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, वर पूर्ण रुपया धरून ११३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही. कपात २,०२९, हातात १२,९८६. किमान वेतनातला महागाईचा भाग जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा त्या महिन्यांची स्लिप मागच्या स्लिपशेजारी ठेवून पाहा.

कापलेला पीएफ पाण्यात जात नाही. तुमच्या १,७१६ इतकेच मालकही भरतो, त्यातले ८.३३ टक्क्यांचे १,१९१ पेन्शन योजनेत आणि उरलेले ५२५ तुमच्या खात्यात. म्हणजे दरमहा २,२४१ साठतात. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) उमंग ॲपवर स्वतः चालू करा आणि दोन महिन्यांनी पासबुक उघडून पैसे खरंच जमा होतात का पाहा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात काहीच नाही, असं झालं तर आधी ठेकेदाराला विचारा, मग कंपनीच्या एचआरला. ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य कंपनीलाही जबाबदारी टाळता येत नाही. तिथेही भागलं नाही तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार.

ईएसआयसी २१,००० पगारापर्यंत लागू असतं. नंबर मिळाला की ई-पहचान कार्ड छापून घ्या, त्यावर आई-वडिलांची, बायकोमुलांची नावं चढवा. कामगार विमा रुग्णालय सातपूरलाच आहे. आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो, पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. कामावर लागलेल्या दुखापतीला अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. म्हणून बोट कापलं तर बाहेर टाके घालून गप्प बसू नका. अपघाताच्या वहीत नोंद झालीच पाहिजे, कितीही छोटं असो. नोंद नसली की महिन्याभराने बोट वळेनासं झाल्यावर ते कामावरच कापलं हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो. वरच्या उदाहरणात १५,०१५ भागिले २०८ तास (२६ दिवस, रोज आठ), म्हणजे तासाला ७२ रुपये, ओव्हरटाइमचा तास १४४. काही ठिकाणी तो सिंगल दराने देऊन मोकळे होतात. तुमच्या वहीत तारीख आणि तास लिहिलेले असतील तर बोलता येतं, नाहीतर 'तू थांबलास कधी?' यावर उत्तर नसतं.

हातात येणाऱ्या १२,९८६ ला २०८ ने भागा: तासाला ६२ रुपये. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. दोन हजारांचा मोबाइलचा हप्ता म्हणजे ३२ तास, चार दिवस चकसमोर उभं राहणं. मित्रांबरोबर मिसळ आणि चहाचे दीडशे म्हणजे जवळपास अडीच तास. ते खुशाल खर्च करा, पहिल्या पगाराला मिसळ हवीच. घरी किती द्यायचे हे मात्र पहिल्याच महिन्यात ठरवून बोला. तिसऱ्या महिन्यात हप्ते लागल्यावर तो विषय अवघड होतो.

सोडायची वेळ आली तर

पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून दर दोन महिन्यांनी गेट बदलणारे खूप आहेत. दरवेळी नवा हेल्पर म्हणूनच सुरुवात होते आणि ईएसआयसीचे ७८ दिवसही पुरे होत नाहीत. निदान एक मशीन आणि एक मोजमापाचं काम पूर्ण येईपर्यंत थांबा. पुढच्या मुलाखतीत 'सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) येतं' म्हणणारे ढीगभर असतात. 'ऑफसेट देतो, इन्सर्ट बदलतो, पहिला पीस मायक्रोमीटरवर पास करून घेतो' असं सांगणाऱ्याला लगेच मशीनपाशी नेतात आणि पीस हातात देतात.

जाताना निरोप लेखी द्या, तारखेची पोच घ्या. अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन स्लिपा, थकलेला ओव्हरटाइम, रजेचे पैसे यांची यादी वहीतून काढून टाइम ऑफिसला (हजेरी-पगाराच्या ऑफिसला) द्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर नव्या ठिकाणी बदली करून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि ती वर्षं तुकड्या-तुकड्यांनीही जोडली जातात. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या मालकाने पोर्टलवर टाकली का, ते महिनाभराने तपासा. ती नसली तर बदलीचा अर्ज तिथेच अडतो, आणि टाइम ऑफिसचे काका तोवर तुमचं नावही विसरलेले असतात. तेव्हा हजेरी कार्डाचा नंबर सांगा.